वनस्पतीचे हस्ताक्षर

(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 मी शास्त्री-पंडित नव्हे. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे सीमाभागातील एका शाळेत विज्ञान शिकविण्यात गेली, एवढीच माझी पुंजी. विषयाची निवड समितीने माझ्यावरच सोपविली, तेव्हा ज्या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, तोच मी घेतला. कारण ती कबूल करण्यास याहून योग्य स्थळ मला मिळणार नाही. तो विषय असा : विजेच्या सूक्ष्म साधनांनी वनस्पतीच्या अंतरीचे व्यवहार कसे जाणता येतात, आणि त्याच साधनांनी त्या व्यवहारांवर परिणाम कसा घडविता येतो.

प्रथम चूक सांगतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विज्ञानप्रदर्शन भरले होते. मी लाजाळूची एक कुंडी मांडली, एक तार ओल्या कापसाने तिच्या खोडाला बांधली, दुसरी मातीत खोवली, आणि दोन्ही तारा प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटरला जोडल्या. पानाला टिचकी मारली की पाने मिटत आणि काटा हले. जमलेल्या पालकांना मी मोठ्या आवाजात सांगितले, ‘पाहा, झाड दुखावले, हे त्याचे रुदन!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. सायंकाळी आवराआवर चालली असता नववीतील एक मुलगा जवळ आला आणि भीत भीत म्हणाला, ‘सर, एक सांगू का? झाड नसलेल्या कुंडीतसुद्धा काटा हलतो.’ त्याने नुसत्या ओल्या मातीच्या कुंडीत दोन्ही तारा खोवून टेबलाला हलकेच धक्का दिला. काटा तसाच हलला.

त्या मुलाने एका वाक्यात मला विज्ञान शिकविले. ओल्या मातीत खोवलेल्या धातूच्या तारा ही स्वतःच एक लहानशी विद्युत्घटमाला असते. तार किंचित हलली तरी तिचा प्रवाह बदलतो. शिवाय वनस्पतीच्या ऊतींचा विद्युत्‌रोध इतका मोठा असतो, की तिचा खरा संदेश शाळेतील त्या साध्या उपकरणाला कळणे शक्यच नव्हते. मी जे वाचून दाखविले, ते वनस्पतीने लिहिलेलेच नव्हते. ते मीच लिहिले होते. मुलाला मी शाबासकी दिली. परंतु टाळ्या वाजविणाऱ्या पालकांना पुन्हा बोलावून सत्य सांगितले नाही. त्यांपैकी कोणी आज या सभामंडपात असतील, तर त्यांची मी क्षमा मागतो.

श्रोतेहो, वनस्पतीला संवेदना आहे काय, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात तो स्पष्टपणे उपस्थित झाला आहे. वृक्ष ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग त्यांना चेतन कसे म्हणावे, अशी शंका भरद्वाज घेतात. भृगू निरीक्षणांच्या आधारे उत्तर देतात : उष्णतेने पाने कोमेजतात, मेघगर्जनेने फुले-फळे गळतात, वेल आधार शोधीत वाट काढते. शंका विचारली गेली आणि उत्तर दाखल्यांनी दिले गेले, ही त्या संवादाची शोभा आहे. परंतु ते अनुमान आहे, मापन नव्हे. पूर्वजांनी विचारलेला प्रश्न मोठा होता म्हणून आजच्या प्रयोगांचे श्रेय त्यांना देणे, हा पूर्वजांचाही गौरव नव्हे आणि प्रयोगांचाही नव्हे.

मापनाचा आरंभ इंग्लंडात झाला. कीटक पकडणाऱ्या ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या अमेरिकन वनस्पतीचे चार्ल्स डार्विन यांना मोठे कुतूहल होते. त्यांच्या सूचनेवरून जॉन बर्डन-सँडरसन या शरीरशास्त्रज्ञाने तिच्या पानाला विद्युदग्रे लावून पाहिली. पानावरील केसाला स्पर्श होताच प्राण्याच्या मज्जातंतूत उठावी तशी विजेची एक लहर पानात उठते, असे त्याला १८७३ मध्ये आढळले. या वनस्पतीची रीत मोठी हिशेबी आहे. केसाला एकदा स्पर्श झाला तर ती स्वस्थ राहते; साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो. वाऱ्याने उडून पडलेल्या काडीसाठी ती आपली शक्ती खर्च करीत नाही.

यानंतरचा थोर अध्याय भारतात लिहिला गेला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जगदीशचंद्र बसू हे बिनतारी लहरींच्या संशोधनासाठी प्रसिद्ध झाले होते. लहरी टिपणारे आपले उपकरण दीर्घकाळ वापरले की थकल्यासारखे होते, आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होते, हे पाहून त्यांचे लक्ष सजीवांच्या प्रतिसादाकडे वळले. केवळ लाजाळूच नव्हे, तर सामान्य भाजीपाल्याच्या वनस्पतीही आघाताला विजेच्या रूपाने उत्तर देतात, असा निष्कर्ष त्यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. तेव्हा हरकत घेणारे सर्वांत वजनदार गृहस्थ कोण असावेत? तेच बर्डन-सँडरसन! आपल्याला सामान्य वनस्पतीत असा प्रतिसाद मिळाला नाही, तेव्हा तो असणे शक्य नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बसूंचा निबंध त्या वेळी प्रकाशित न होता दप्तरात पडून राहिला.

बसूंनी वाद घालण्यापेक्षा यंत्रे बनविली. आपल्या वर्णनावर लोकांचा विश्वास बसत नाही, तर वनस्पतीने स्वतःच लिहावे, हा त्यांचा बाणा. काजळी धरलेल्या काचेवर एक अत्यंत हलकी तरफ टेकविली आणि तिचे दुसरे टोक पानाला जोडले, की पान हलेल तशी रेघ उमटे. परंतु काचेशी होणारे घर्षणही लाजाळूच्या दुबळ्या पानाला जड होते. म्हणून त्यांनी ती लेखणी सतत कंप पावती ठेवली. ती काचेला क्षणाक्षणाने टेकून केवळ ठिपके उमटवी, आणि ठिपक्यांतील अंतरावरून काळही मोजता येई. त्यांच्या ‘क्रेस्कोग्राफ’ या यंत्राने वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविली. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. या यंत्राविषयीही इंग्लंडात संशय व्यक्त झाला. तेव्हा १९२० मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष चालताना पाहून त्याच्या अचूकपणाची ग्वाही दिली, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने बसूंना आपले सदस्य करून घेतले.

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. बसूंचे प्रत्येक मत टिकले असे नाही. मुळांतून वर चढणारा रस जिवंत पेशींच्या स्पंदनाने चढतो, हे १९२३ मध्ये त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेले मत विज्ञानाने स्वीकारले नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, हेच स्पष्टीकरण मान्य झाले. परंतु वनस्पतीत विजेचे संदेश चालतात, हा त्यांचा मूळ सिद्धांत मात्र अबाधित राहिला. थोर पुरुषाचे ऋण मानावयाचे ते त्याचे सोने आणि त्याची माती वेगळी करून. दोन्ही एकाच तबकात ठेवून ओवाळण्यात त्याचा मान नाही.

मग या संदेशाचे स्वरूप काय? प्रत्येक जिवंत पेशीच्या पापुद्र्याच्या आतबाहेर काही शतांश ते दशांश व्होल्ट इतका विद्युत्‌दाबाचा फरक असतो. आघात होताच पापुद्र्यातील सूक्ष्म द्वारे उघडतात. कॅल्शियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, क्लोराइडचे आणि पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि हा क्षोभ शेजारच्या पेशीकडे सरकतो. प्राण्यांच्या मज्जातंतूत हे काम मुख्यतः सोडियम करते. वेगही भिन्न. आपल्या जलद मज्जातंतूंत संदेश सेकंदास शंभर मीटरपर्यंत धावतो. लाजाळूत तो सेकंदास काही सेंटिमीटर चालतो. तो देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीत पोहोचला की तेथील पेशी पाणी सोडून सैल पडतात आणि पान खाली येते. मज्जातंतू नाही, मेंदू नाही. तरी निरोप पोहोचतो.

ज्या देशात बसूंवर प्रथम अविश्वास दाखविला गेला, त्याच पाश्चात्त्य जगात पुढे अतिविश्वासाचाही पूर आला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील क्लीव्ह बॅक्स्टर या गृहस्थाने गुन्हेगारांचे असत्य पकडण्याचे यंत्र आपल्या कार्यालयातील एका शोभेच्या झाडाला जोडले, आणि झाडाला माणसाच्या मनातील हेतू कळतात, दूरच्या जीवांचा मृत्यूही कळतो, असे घोषित केले. १९७३ मध्ये आलेल्या ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स’ या पुस्तकाने ती वार्ता घरोघर नेली. १९७५ मध्ये काटेकोर नियंत्रण ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा झाडाने कसलेही उत्तर दिले नाही. तो निकाल ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला गेला. आमच्या शाळेतील त्या मुलाने जे विचारले, तेच येथे विचारले गेले : झाड नसलेल्या कुंडीत काय होते? अविश्वासाने बसूंचा निबंध दप्तरात गेला. अतिविश्वासाने तर पुढे हा विषयच काही काळ हास्यास्पद ठरला. सत्याचे नुकसान दोघांनीही केले.

आता अलीकडील प्रगतीकडे वळू. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात ‘अ‍ॅरॅबिडॉप्सिस’ या मोहरीच्या कुळातील लहान रोपट्याच्या पानांवर विद्युदग्रे ठेवून असे दाखविण्यात आले, की अळीने एक पान कुरतडले असता विजेचा संदेश दुसऱ्या पानाकडे जातो आणि तेथे संरक्षक द्रव्याची तयारी सुरू होते. हा संदेश वाहून नेण्यास लागणारी विशिष्ट जनुके बिघडविली, की निरोप दुर्बळ होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅल्शियमची ही लहर रोपट्यात चकाकताना प्रत्यक्ष दिसू लागली. तिचा वेग सेकंदास सुमारे एक मिलिमीटर. आणि २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लाजाळू का लाजते याचे सुंदर उत्तर दिले. पाने मिटू न शकणारी लाजाळूची रोपे नाकतोड्यांनी अधिक प्रमाणात खाल्ली; मिटणारी रोपे पुष्कळ अंशी बचावली. आपण ज्याला लज्जा म्हटले, ते संरक्षण होते.

येथपर्यंत विज्ञान ऐकत होते. यापुढे ते बोलूही लागले, आणि माझ्या व्याख्यानाचा खरा गाभा येथे आहे. तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवले की त्याच्या खोडात तांबड्या रेषा चढतात, हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत केला असेल. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हीच साधी युक्ती योजिली. शाईच्या जागी त्यांनी वीज वाहून नेणारे एक सेंद्रिय बहुवारिक पाण्यात विरघळविले आणि त्यात गुलाबाची कापलेली फांदी ठेवली. ते द्रव्य जलवाहिन्यांतून वर चढले आणि आतल्या आत पाच सेंटिमीटरहून लांब अशा वाहक तारेच्या रूपाने जमले. त्या तारेपासून त्यांनी गुलाबाच्या देठातच ट्रान्झिस्टर तयार केला. २०२१ मध्ये याच संशोधकांनी घेवड्याच्या अखंड रोपाच्या मुळांवर असे वाहक आवरण चढविले, आणि रोप वाढतच राहिले.

धातूची तार कठीण. जिवंत ऊती मऊ आणि पाणीदार. म्हणून मृदू सेंद्रिय द्रव्यांची साधने येथे उपयोगी ठरतात. इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी तर सुताच्या साध्या धाग्याला असे द्रव्य लावून तो टोमॅटोच्या खोडात ओवला. रसातील क्षारांचे प्रमाण बदलले की धाग्यातून जाणारा प्रवाह बदलतो, आणि पाणी तुटल्याची वार्ता पाने कोमेजण्यापूर्वीच मिळू शकते. २०२३ मध्ये लिंकोपिंगच्या गटाने फ्लायट्रॅपच्या पानावर बसेल अशी लवचीक, अनेक विद्युदग्रांची पातळ पट्टी लावली. तेव्हा दिसले की संदेश ठराविक वेगाने पसरतो, मात्र एखाद्या ठराविक दिशेलाच धावत नाही. मज्जातंतूच्या तारेसारखी त्याची वाट आखलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी बर्डन-सँडरसनने ज्या पानाला हात लावला, त्याच पानात अद्याप नवे वाचण्यासारखे होते!

याहून पुढची पायरी म्हणजे आज्ञा देण्याची. संप्रेरकाचे कण विजेच्या दाबाने, पाण्याचा प्रवाह न सोडता, हव्या त्या बिंदूवर पोहोचविणारा ‘आयन-पंप’ तयार झाला आहे. अवर्षणात वनस्पती स्वतःच जे संप्रेरक निर्माण करते, ते या पंपाने तंबाखूच्या पानात सोडण्यात आले, आणि पानाची रंध्रे मिटली. हे २०१९ चे काम. वनस्पतीला पाणी होते, तरीही तिने दुष्काळात करावे तसे केले. कारण तिच्याच भाषेतील शब्द तिच्या कानी पडला होता. २०२३ च्या अखेरीस त्याच संस्थेने आणखी एक वृत्त दिले. वीज वाहून नेणाऱ्या, सेल्युलोजपासून बनविलेल्या कृत्रिम ‘मातीत’ बार्लीची रोपे मातीविना शेतीच्या पद्धतीने वाढविली, आणि मुळांना मंद विद्युत्‌उत्तेजन दिले. पंधरा दिवसांत ती रोपे सुमारे ५० टक्के अधिक वाढली.

हे ऐकून शेतकरी बंधूंच्या मनात आशा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. आणि येथेच मला सावध करावयाचे आहे. हा प्रयोग रोपावस्थेतील बार्लीवर, प्रयोगशाळेच्या नियंत्रित परिस्थितीत झाला. काळ्या रानातील ज्वारीवर किंवा कुळागरातील पोफळीवर झालेला नाही. विजेने पीक वाढविण्याची आशा जुनी आहे. १७८३ मध्ये फ्रान्समधील आबे बेर्तोलों यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. फिनलंडचे लेमस्ट्रॉम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतांवर तारा ताणून प्रयोग केले. ब्रिटिश सरकारने १९१८ मध्ये याच कामासाठी एक समिती नेमली; तिने सुमारे अठरा वर्षे चाचण्या घेतल्या, आणि फळ अनिश्चित व खर्चाच्या मानाने अपुरे आढळल्यामुळे १९३६ मध्ये काम थांबले. म्हणून उद्या कोणी तांब्याची तार आणि काठी घेऊन आपल्या बांधावर आला, आणि दुप्पट पिकाचे वचन देऊ लागला, तर त्याला एवढेच विचारा : ‘ज्या वाफ्यात तुमची तार नाही, त्या शेजारच्या वाफ्यात काय झाले?’ या प्रश्नाला ज्याच्याजवळ मोजलेले उत्तर नाही, त्याला पैसे देऊ नका.

तर मग या साऱ्याचा सारांश काय? वनस्पतीला आपल्यासारखे सुखदुःख आहे असे या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. ती जड आहे असेही म्हणता येत नाही. ती जाणते, निरोप धाडते, हिशेब ठेवते, बचाव करते. हे सर्व तिच्या रीतीने, आपल्या रीतीने नव्हे. तिच्या तोंडी आपले रुदन घालणे ही दया नसून एक प्रकारचा अहंकार आहे, हे मी त्या प्रदर्शनाच्या दिवशी शिकलो. दुसऱ्याचे ऐकावयाचे तर प्रथम स्वतःचा आवाज बंद करावा लागतो. काजळीच्या काचेवरील बसूंची कंप पावणारी लेखणी वनस्पतीच्या हातावर आपला भार पडू नये म्हणूनच तशी बनविली होती. त्या लेखणीत जे सौजन्य आहे, तेच संशोधकाचे शील होय.

आज त्याच हाताला आज्ञा करण्याचे सामर्थ्य आले आहे. तहान नसता रंध्रे मिटविता येतात, मुळांना चेतविता येते. उद्या हे सामर्थ्य शेतात उतरले, तर पाण्याची बचत होईल, रोग लवकर कळेल, आणि अवर्षणाच्या प्रदेशांना दिलासा मिळेल. परंतु ज्याची भाषा आपण नुकती वाचू लागलो, त्याला हुकूम सोडण्यापूर्वी वाचन पक्के करणे बरे. ऐकण्याच्या साधनावर आज्ञेच्या साधनापेक्षा अधिक श्रम घेतले गेले पाहिजेत, एवढीच माझी तरुण संशोधकांना विनंती आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या परसात लाजाळू असेल; उष्ण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी आता आपल्या बांधावर पुरती रुळली आहे. तिच्या पानाला स्पर्श करा, मिटण्यास आणि उघडण्यास किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा, सकाळ-सायंकाळचे आकडे वहीत लिहा. अधिक उत्साह असेल तर उपकरण जोडा. मात्र शेजारी एक रिकामी, झाड नसलेली कुंडी अवश्य ठेवा. ज्या मुलाने मला ती कुंडी दाखविली, त्याचे ऋण मी आज जाहीरपणे मान्य करतो.